लाख वाती आणि फाटक्या कानाची जिवती

कापूस पिंजायला घेतला की वाढतच जातो, तसं आमच्या वातींच्या मंडळाच्या किश्श्यांचं आहे. मूठभर काढायला जावं तर टोपली भरते! परवा एका लग्नात कुणीतरी विचारलं, "तुम्ही म्हणे सिंगापूरला असताना अस्वलं मोजायचात?" मी म्हटलं, "मी मोजत होते वाती. अस्वलं मध्ये आली."

त्याचं असं झालं. नव्वदीतली गोष्ट. हे मरीन इंजिनीअर. एकदा ह्यांचं जहाज वादळात सापडलं. चार दिवस ऑफिसला फोन केला की एकच उत्तर, "मॅडम, वुई आर वेटिंग." चौथ्या दिवशी देवापुढे बसले आणि बोलून गेले, "माणूस सुखरूप येऊ दे, येत्या चातुर्मासात लाख वाती वाहीन." पाचव्या दिवशी ह्यांचा फोन आला. पहिलं वाक्य काय असेल? "अगं, माझा निळा शर्ट इस्त्रीला दिलायस ना?"

लाख वाती कबूल करून बसले होते मी, आणि ह्यांना शर्टाची काळजी!

* * *

लाख म्हणजे रोजच्या आठशेच्या वर वाती. एकटीनं वळायला बसलं की दुपार संपत नाही. म्हणून मंगळवार-शुक्रवार आमच्या बुकित तिमाहच्या फ्लॅटवर मंडळ जमायचं. मंडळ कसलं, तिघीजणी! मी, शेजारच्या ब्लॉकमधल्या विमलकाकू आणि चोआ चू कांगहून बस बदलत येणारी शर्वरी. काकू मूळच्या सदाशिव पेठेतल्या, मुलाकडे राहायला आलेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्याची त्यांना जराही खंत नव्हती. शर्वरीचा नवरा कॉम्प्युटरमधला, ती वयानं लहान, म्हणून दुभाष्याचं काम तिच्याकडे.

एका मंगळवारी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरची रूथ. उंच, गोरी, डोळे रडून लाल. ती कॅनडाची. नवऱ्याची बदली रॅफल्स प्लेसच्या बँकेत झाली म्हणून आलेली. हातात पुठ्ठ्याचं खोकं. म्हणाली, "तुमच्या बाल्कनीत कापूस दिसतो. या दमट हवेत तुम्ही तो कोरडा कसा ठेवता?"

खोक्यात फोटो होते. एकमेकांना चिकटलेले, कडेनं बुरशी धरलेले. आणि सगळ्या फोटोंत झाडं, गवत, ओढा, मधूनच एखादं अस्वल!

विमलकाकूंनी एक फोटो उचलला, वास घेतला आणि निकाल दिला, "पापडाला लागते तीच बुरशी. उन्हात नको, रंग उडेल. पंख्याखाली पसरा, कापूर ठेवा."

तासाभरात माझा हॉल जुन्या साड्यांनी भरला आणि साड्या फोटोंनी. कुरडया घालाव्यात तशी अस्वलं ओळीनं वाळत पडलेली! तेवढ्यात माझी मुक्ता शाळेतून आली. दारातच थबकली.

"आई! व्हाय सो मेनी बेअर्स लाह? माय फ्रेंड वेटिंग डाउनस्टेअर्स, हाऊ टु ब्रिंग अप?"

काकू म्हणाल्या, "तिला सांग, पाय न लावता ये म्हणावं. वाळवण आहे."

* * *

फोटो सुकले तशी रूथ मोकळी झाली. ती तिकडे डोंगरात ग्रिझली अस्वलांचा अभ्यास करायची. पायवाटांवर झाडाला कॅमेरे बांधायचे, समोरून काही गेलं की आपोआप फोटो. तीन वर्षांचे हजारो फोटो ती बरोबर घेऊन आली होती, आणि इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. "माझ्या पासवर पण तेच लिहिलंय," मी म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा हसली.

मग तिनं एक फोटो वेगळा काढला. मोठी मादी, पाठीवर ग्रिझलीचं ते उंच वशिंड, डावा कान फाटलेला. ती राहते त्या खोऱ्यातून रस्ता काढायचं ठरत होतं. रस्ता झाला की माणसं, गाड्या, बंदुका. ही मादी दर हिवाळ्यात एकाच उतारावर गुहा खणते, आणि नकाशातला रस्ता नेमका त्या उतारावरून जात होता. कार्तिकीनंतर लगेच तिकडे सुनावणी होती. त्या खोऱ्यात लेकुरवाळ्या अस्वली खरोखर किती वावरतात हे मोजून दाखवलं, तरच रस्ता अडणार.

"आणि ही यंदा एकटी आहे," रूथ म्हणाली. "मागची पिल्लं मोठी होऊन गेली. या हिवाळ्यात तिला पुन्हा पिल्लं व्हायची वेळ आहे. तीन-चार वर्षांतून एकदाच होतात. ही गेली तर तिची जागा घ्यायला पटकन कुणी येत नाही."

काकूंनी विचारलं, "नाव काय हिचं?"

शर्वरीनं विचारून सांगितलं, "सतरा नंबर."

"नंबर कैद्याला असतो!" काकू उसळल्या. "लेकुरवाळीला नाव हवं."

श्रावण होता. समोर भिंतीवर जिवतीचा कागद लावलेला, मांडीवर, कडेवर, पायाशी पोरंच पोरं. काकूंनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा फोटोकडे. त्या दिवसापासून सतरा नंबरची जिवती झाली. मी तिचा फोटो कागदाशेजारीच चिकटवला. लेकरांची काळजी घेणारीच्या शेजारी लेकरंवाली शोभते, नाही का?

भाद्रपदात हे जहाजावरून आले. अंघोळ करून देवापुढे उभे राहिले, हात जोडले, डोळे उघडले आणि तसेच उभे!

"मी तीन महिने नव्हतो," हे हळूच म्हणाले, "तर तू देव बदललास?"

* * *

एका एकादशीला रूथ आली तेव्हा आमच्या पुढ्यात साबुदाण्याच्या खिचडीच्या बशा होत्या. वर दाण्याचा लाडू, केळं, ताक. तिनं विचारलं, "आज काय सण?"

शर्वरी म्हणाली, "सण नाही. फास्ट. उपास."

रूथनं बशीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. सभ्य बाई. एवढंच म्हणाली, "माझी अस्वलं पण करतात उपास."

"किती वेळाचा?" काकूंनी ताकाचा पेला ठेवत विचारलं.

"पाच महिन्यांचा. अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. त्यातच पिल्लं होतात. मुठीत मावतील एवढीशी. त्यांना दूधही पाजायचं, सगळं अंगावरच्या चरबीवर."

शर्वरीनं मराठीत सांगितलं. काकूंनी लाडू बशीत परत ठेवला.

"शर्वरी, ही बशी आत ने," त्या म्हणाल्या. "जनावरानं लाज काढली."

त्यानंतरच्या सगळ्या एकादश्या विमलकाकूंनी निर्जळी केल्या. आणि कुणी कौतुक केलं की म्हणायच्या, "माझं काय घेऊन बसलात! मला पिल्लं कुठे पाजायची आहेत?"

* * *

फोटो लावता लावता आम्हाला अस्वलांचा सगळा संसार कळत गेला. आमचा श्रावण म्हणजे त्यांचा फराळाचा महिना. दिवसभर बोरंबिरं ओरबाडून खायचं, मुळं उकरायची, अंगावर चरबी चढवायची. उन्हाळ्यात जोडी जमते, पण गर्भ लगेच धरत नाही. थंडीच्या तोंडाला अंगावर पुरेसं साठलं असेल तरच तो रुजतो, नाहीतर त्या वर्षी पिल्लंच नाहीत.

यावर काकूंना काय वाटावं? "म्हणजे आधी डबे भरलेत का बघायचं आणि मग पाळणा टांगायचा. आमच्या वेळी हे कुणी शिकवलं असतं तर!"

आणि एकदा रूथ म्हणाली की मुलगे लांब लांब निघून जातात, पण मुली वयात आल्या की आईच्या मुलुखाला लागूनच आपला मुलूख मांडतात.

काकू वात वळायच्या थांबल्या. त्यांच्या दोन्ही मुली, एक इंदूरला आणि एक नागपूरला. त्या स्वतः मुलाकडे, सिंगापुरात.

"लेकी माहेराजवळ?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो."

"शहाणी जात आहे," काकू म्हणाल्या आणि पुढची वात घेतली.

* * *

आता आमची चूक सांगते. लपवण्यासारखं काही नाही त्यात.

रूथनं आम्हाला काम वाटून दिलं होतं. रिकामे फोटो एकीकडे, हरणंबिरणं दुसरीकडे, अस्वलं तिसरीकडे. शंभर-शंभरचे गठ्ठे करायचे, रबरबँड लावायचा, वर चिठ्ठी. आम्ही तिघी वाती वळणाऱ्या, आमच्या बोटांना मोजायची सवय. वाती बाजूला ठेवून दुपारच्या दुपार आम्ही फोटो मोजले.

आश्विनात एक दिवस रूथ खाली आली ती पांढरीफटक. गठ्ठ्यांची बेरीज केली होती तिनं. फिल्मच्या रोलांवरून जेवढे फोटो निघायला हवेत, त्यापेक्षा कितीतरी कमी भरत होते.

"फोटो हरवलेत," ती म्हणाली. "सुनावणीत ते लोक म्हणतील, बाईनं गैरसोयीचे फोटो फेकून दिले. आता माझ्या एकाही आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी कळवून टाकते, माझा रिपोर्ट येत नाही."

डोळ्यांसमोर आली ती जिवती, त्या उतारावर गुहा खणत असलेली. आणि खालून रस्ता. मी एक गठ्ठा ओढला आणि तिच्यासमोर मोजायला लागले. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. हातात अजून फोटो होते.

रूथ बघतच राहिली. "चिठ्ठीवर तर शंभर लिहिलंय!"

"शंभरच आहेत," मी म्हटलं. "शंभर म्हणजे एकशेआठच ना!"

आम्ही तिघींनीही, एकमेकींना न विचारता, प्रत्येक गठ्ठा एकशेआठचा बांधला होता! जपाची माळ एकशेआठची, वातींचा शेकडा एकशेआठचा. आजवर दुसरं काही मोजलंच नव्हतं कधी.

रूथनं कॅल्क्युलेटर काढला. सगळे गठ्ठे गुणिले एकशेआठ. मग रोलांचा आकडा. मग पुन्हा एकदा.

"तीन कमी," ती म्हणाली. "हजारोंमध्ये फक्त तीन!"

ते तीनही सापडले. एक माझ्या देवापाशी, जिवतीच्या कागदाशेजारी. दुसरा शर्वरीच्या फ्रिजवर, तिच्या बाळाला पिल्लू आवडायचं म्हणून. तिसऱ्यासाठी अर्धा तास घर धुंडाळलं. तेव्हा काकूंनी पिशवीतून पोथी काढली, मध्ये खुणेला घातलेलं अस्वल बाहेर ओढलं आणि म्हणाल्या, "दहाव्या अध्यायावर आहे. अध्याय विसरू नका म्हणजे झालं."

* * *

रूथनं चहा घेतला, शांत झाली आणि विचारलं, "पण आठ जास्त कशाला?"

माझं इंग्रजी बेताचं. तरी शर्वरीला थांबवून मीच सांगितलं, "माणूस मोजतो म्हणजे चुकतो. कुठे मन भरकटतं, कुठे डुलकी लागते. शंभर झाले असं म्हणायचा गर्व नको, म्हणून चुकीचे आठ आधीच बाजूला धरायचे."

तिनं चहाचा कप बाजूला सारला. मग अस्वलांचे गठ्ठे पुढ्यात घेतले. "चला," म्हणाली. "प्रत्येकातले सगळ्यात शंकास्पद आठ काढा. धूसर असतील, अर्धवट असतील, 'बहुतेक तीच' असं वाटत असेल, ते सगळे बाहेर. उरतील तेवढेच मी मोजणार."

आठ बाहेर काढायचे म्हणजे काय सोपं होतं? आम्ही एकेका फोटोसाठी भांडलो! काकू म्हणायच्या, "ही मानेवर पट्टा असलेलीच, मी हिला चालीवरून ओळखते." रूथ म्हणायची, "चाल नको, खूण दाखवा." काकूंनी आयुष्यात सुनेचं ऐकलं नाही, पण रूथचं ऐकलं. खूण नसली की फोटो बाहेर. शेवटी संख्या कमी झाली, पण उरली ती अशी की कुणी बोट ठेवावं! जिवती तर तिन्ही वर्षं, त्याच ओढ्यावर, त्याच फाटक्या कानानं.

या सगळ्यात माझ्या वाती मागे पडल्या. कार्तिकीला चार दिवस उरले आणि हजारो वाती बाकी. मी कुणाला बोलले नाही, देवाला तेवढं सांगितलं की उशीर झाला तर रागावू नको, लेकुरवाळीचं काम होतं. पण शर्वरीनं रूथच्या कानावर घातलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूथ येऊन मांडी घालून बसली. "मला शिकवा."

मी काकूंकडे पाहिलं. म्हटलं आता या सोवळंओवळं काढणार. काकूंनी एकच प्रश्न विचारला, "हात धुतलेत का?" रूथनं हात दाखवले. "मग बस."

तिची पहिली वात करंगळीएवढी जाड झाली. काकूंनी ती उजेडात धरली. "हिला दिवा नाही पुरायचा गं, मशाल लागेल!"

चौघींनी मिळून दशमीच्या संध्याकाळी लाख पूर्ण केल्या. एकशेआठच्या शेकड्यानं हं! रूथची ती जाडी वात मी त्यातच ठेवली.

* * *

कार्तिकी एकादशीला रूथचं विमान होतं. मी तिच्या हातावर दही घातलं. खाली टॅक्सी उभी होती. काकू म्हणाल्या, "तिला सांग शर्वरी, आज चार महिन्यांनी देव उठतो."

रूथ म्हणाली, "आणि तिकडे याच दिवसांत अस्वलं झोपायला जातात."

हे शेजारी बॅग धरून उभे होते. जन्मभर जहाजावर काढलेला माणूस! म्हणाले, "बरोबर आहे. वॉच बदलला, पहाऱ्याची पाळी. आता जागायचं काम त्याचं."

* * *

सुनावणीचं रूथनं परत आल्यावर सांगितलं. आमच्याच हॉलमध्ये, कापसाच्या टोपलीशेजारी बसून.

मोठं टेबल, तीन माणसं निकाल द्यायला बसलेली. रस्तेवाल्यांचा वकील उठला. म्हणाला, "हजारो फोटो हातानं मोजलेत म्हणता. म्हणजे चुका असणारच."

"असणारच," रूथ म्हणाली.

तो खूश झाला. "मग त्या चुकांचं काय केलंत?"

"मोजायच्या आधीच बाजूला काढून ठेवल्या. शंभरामागे आठ. ज्या फोटोंची आमच्या लोकांना खातरी नव्हती, त्यातला एकही या आकड्यात नाही. बाजूला काढलेलेही सगळे आणलेत, हवे तर मोजून घ्या."

वकिलानं मोजायला घेतले. खरंच! एक गठ्ठा, दुसरा, तिसरा. सगळे बरोबर. मग त्यानं चष्मा काढला. "ही पद्धत मी कधी ऐकली नाही. कुठली आहे ही? किती दिवस वापरात आहे?"

रूथ म्हणाली, "सिंगापूरला माझ्या सहकारी बायका आहेत, त्यांची. मला सांगण्यात आलंय त्याप्रमाणे, काही हजार वर्षं."

मधल्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी हे लिहून घेतलं म्हणे! आणि रस्ता डोंगराच्या पलीकडून न्यायचं ठरलं.

शर्वरीनं मराठीत सांगून संपवलं तेव्हा काकूंनी डोळे पुसले नाहीत की काही नाही. ताठ बसल्या. "सहकारी म्हणाली ना? पुन्हा सांग गं ते वाक्य."

शर्वरीनं पुन्हा सांगितलं. त्या संध्याकाळी तीनदा सांगावं लागलं तिला.

* * *

पुढे रूथच्या नवऱ्याची बदली झाली, ती मायदेशी गेली. आषाढी जवळ आली होती. मी नवा कापूस काढला होता, पण नेम कशाचा धरावा ठरत नव्हतं. अशात पाकीट आलं. आत एकच फोटो.

तोच ओढा. काठावर वाळलेली, हाडं दिसणारी, पाच महिन्यांचा उपास सोडून आलेली एक मादी, डावा कान फाटलेला. तिच्या पायाशी एक पिल्लू. एक पाठीमागे. आणि एक तिच्या पाठीवर चढायच्या खटपटीत.

मी काकूंना बोलावलं. दोघींनी फोटो जिवतीच्या कागदाशेजारी धरला. मग मी तो उलटा केला. मागे रूथचं अक्षर होतं:

"मोजून घ्या. यातलं एकही बाजूला काढायचं नाही."

तर मंडळी, तुम्हीही एक करा. जिला जन्मात बघणार नाही अशा कुणासाठी यंदा काहीतरी मोजायला घ्या. वाती घेणार असाल तर कापूस मी देते.